चुकलेल्यांचे पान

"बाबा, शेवटचे चार आकडे कोणते टाकलेत?"

"तू दिलेस तेच."

"मग समोर काय आलंय?"

"स्टूल," म्हातारा फोनवर म्हणाला. "रंगाचा डबा. आणि पाटी."

लेकीने कपाळाला हात लावला. म्हणजे आकडे आजही चुकले होते. या महिन्यातली ही अकरावी खेप.

घरपोच औषधे देणाऱ्या एका दुकानाची वेबसाइट तिच्या ऑफिसने केली होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला तिथे स्वतःचे पान होते. पत्त्याच्या शेवटी आपले चार आकडे टाकले की ते उघडायचे. आकडे चुकले की स्टुलाचे पान यायचे.

"राहू दे, औषधं मीच मागवते," ती म्हणाली.

"मागव. पण फोन लगेच ठेवू नकोस, ठिपके. जेवलीस का?"

लहानपणी ती बापाच्या दुकानात बसून दिसेल तिथे रंगाचे ठिपके द्यायची. तेव्हापासून तो तिला ठिपकी म्हणत असे.

ऑफिसात तिच्या टेबलावर अजून डिझायनर अशी पाटी होती. पूर्वी एकेका पानासाठी ती आठवडा घालवायची. आधी कागदावर पेन्सिलीने काढायचे, मग रंग ठरवायचे, मग दोन ओळींमधली जागा बोटाने मोजायची. आता ती खुर्ची पुढे ओढेपर्यंत मशीन वीस पाने काढून मोकळे होई. तिने बघायचे आणि बरोबरची खूण करायची.

"आपण आता मास्तर झालो," शेजारचा म्हणायचा. "तेही सगळ्यांना पास करणारे."

एकच पान कुणी मशीनला सांगितले नव्हते. पत्ता चुकलेल्यांचे. "मशीन चुकत नाही, म्हणून चुकणाऱ्यांचं खातं तुमच्याकडे," साहेब हसत म्हणाले होते. त्या एका पानावर तिने तीन आठवडे घातले. बापाचे दुकान हाताने काढले. स्टूल, डब्यावर आडवा ठेवलेला ब्रश, आणि बाहेर जाताना तो दाराला लावायचा ती पाटी : ‘बसा, आलोच.’

पहिल्यांदा बाप त्या पानावर पोचला तेव्हा ती त्याच्या शेजारीच बसली होती. त्याने चष्मा लावून खूप वेळ पाहिले.

"स्टुलाचा एक पाय आखूड काढलास."

"आखूडच होता. खाली पुठ्ठा घालायचात."

"ते खरं," तो म्हणाला. "बाकीची पानंही तुझीच?"

"कसली! ती मशीनची. माझं एवढंच उरलंय. चला, आता आकडे नीट टाका."

तेव्हा ती हसली होती. आता हसू येत नव्हते. या माणसाने चाळीस वर्षे गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवल्या होत्या. लिहायला-वाचायला तो पस्तिशीनंतर शिकला. तोवर अक्षरे चित्रासारखी पाहून काढायचा. पण आकडा एकही चुकला नव्हता. आणि आता चार आकडे डोक्यात राहत नव्हते.

ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे त्याने डॉक्टरांच्या वडिलांच्या स्कूटरचा नंबर न अडखळता सांगितला. तीस वर्षांपूर्वी त्यानेच रंगवला होता.

डॉक्टर हसले, पण तिला बाजूला घेऊन म्हणाले, "जुनं राहतं, नवं निसटतं. लक्ष असू द्या."

त्याच आठवड्यात साहेबांनी तिला बोलावले. "ते चुकीचं पान काढायचं म्हणतोय. आकडे चुकले तर मशीन फोनवरून, कॉम्प्युटरवरून माणूस ओळखेल आणि थेट त्याच्या पानावर नेईल. पण पान तुमचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर ठेवू."

तिच्या डोळ्यांपुढे बाप आला. रोज सकाळी चष्मा लावून त्या स्टुलासमोर वाट चुकल्यासारखा बसलेला.

"काढा," ती म्हणाली.

जागेवर येऊन तिने ते पान एकदा उघडले. स्टुलाचा आखूड पाय पाहिला आणि बंद केले.

रविवारी ती त्याच्या घरी गेली. "बाबा, एक चांगली बातमी आहे. आता आकडे चुकले तरी चालेल. तुमचंच पान उघडणार."

"आणि स्टूल?"

"ते गेलं. मीच काढा म्हटलं. आता कुणी चुकणारच नाही."

त्याने चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या, परत पुसल्या.

"बरं केलंस," तो म्हणाला. "लोकांचा वेळ वाचेल." आणि चहा टाकायला आत गेला.

ती त्याच्या टेबलापाशी बसली. कॉम्प्युटरशेजारी औषधांची पाकिटे एकावर एक रचलेली होती. तिने मोजली. प्रत्येक औषध दोनदा आलेले होते. एक पाकीट तिने मागवलेले, न फोडता ठेवलेले. दुसरे फोडलेले, अर्धे संपलेले. त्यावर मागवणाऱ्याचे नाव बापाचे.

तिने आत पाहिले. चहाचे भांडे वाजत होते.

पाकिटांच्या मागे, भिंतीला टेकवून, हाताएवढी एक पाटी उभी होती. नंबरपाटीसारखीच, पांढऱ्यावर रंगवलेली. वर काळ्या रंगात तिने दिलेले चार आकडे होते, बिनचूक, आणि पुढे लिहिले होते ‘औषधं’. खाली लाल रंगात चार शून्ये होती, आणि पुढे ‘ठिपकी’.