खालचे पक्षी, वरचे पक्षी

“सर, खालचे आणि वरचे पक्षी वेगळे नाहीत. तेच आहेत,” सरांच्या पुढ्यात ताट ठेवत मावशी म्हणाल्या.

तंबूत हशा पिकला. मावशी पक्षी मोजणाऱ्या संशोधकांचा स्वयंपाक करायच्या. डोंगरावर दोन कॅम्प होते, एक पायथ्याच्या रानात, दुसरा माथ्यावरच्या. मोजणारे आपापल्या उंचीवर ठाण मांडून बसलेले. रोज डबे घेऊन खालून वर चढायच्या त्या एकट्या मावशी.

लाल गळ्याचे पक्षी खाली चाळीस भरले होते, वर अडतीस. अहवाल दोन दिवसांनी जायचा होता. हा पक्षी वरही भरपूर आहे, रस्त्यासाठी खालचं रान तोडलं तरी तो टिकेल, असं त्यात लिहिलं होतं.

“मावशी, वीस वर्षं आम्ही हेच काम करतोय,” सर म्हणाले.

“करा की! पण खाली मोजता सकाळी, आणि वर दुपारी. धुकं हटून वरची फुलं उघडली की अख्खा थवा माझ्या डोक्यावरून वर जातो. मी धापा टाकत पोचते, तोवर ते तिथे हजर. संध्याकाळी उतरतानाही सोबतीला तेच.”

सरांनी जेवण अर्धवट सोडलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सरांनी खालच्या जाळ्यात सापडलेल्या सहा पक्ष्यांच्या पायात पिवळी कडी घातली आणि त्यांना सोडून दिलं. मग ते मावशींबरोबर डोंगर चढायला लागले. वाटेत तीनदा बसले. मावशी एकदाही बसल्या नाहीत.

वरच्या कॅम्पवर एक मुलगी जाळ्यातले पक्षी सोडवत होती. “सर, यांना कडी कुणी घातली?” तिने विचारलं. जाळ्यात चार पक्षी होते. तिघांच्या पायात पिवळं कडं होतं.

सरांनी पिशवीतून अहवाल काढला आणि ‘तो टिकेल’ हे वाक्य उभ्या उभ्या खोडलं. त्या जागी लिहिलं, ‘खालचं रान गेलं, तर वरचाही पक्षी जाईल.’

ते मावशींकडे वळले. “मावशी, असा खाली-वर करणारा आणखी एखादा पक्षी आहे का हो?”

मावशी दगडावर ऐसपैस बसल्या.

“वही घ्या, सर. अकरा आहेत.”