कोरा तळहात

तुरुंगातल्या मुलाखतीच्या खोलीत काचेपलीकडं हौसा येऊन बसली. रंगरावानं फोन उचलला आणि बायकोला पहिलं हेच विचारलं, "मतदान झालं का?"

"झालं की काल." तिनं पदर सावरला, तेव्हा बोटावरची शाई त्याला दिसली.

बांधाच्या भांडणात चुलतभावाचा जीव गेला आणि रंगरावाला जन्मठेप लागली. त्यानंतरची ही पहिलीच सरपंचाची निवडणूक. एरवी मतदानाच्या सकाळी तो हौसाच्या तळहातावर पेननं चिन्ह काढून द्यायचा. "यंत्रापुढं गोंधळ नको," म्हणायचा. ती मूठ मिटून जायची आणि तेच बटण दाबून यायची. यंदा त्यानं निरोप धाडला होता, थोरल्या पोराकडून हातावर कपबशी काढून घे.

"आमाला इथं मत नाही," तो कुरकुरला. "गुन्हा केला म्हणून माणूस मेला का? हक्कच काढून घेतला सरकारनं. बरं, कपबशीच दाबलीस ना?"

हौसानं हात उघडून काचेवर टेकवला. तळवा कोरा होता.

"मग कुणाला दिलंस?" त्याचा आवाज चढला, तसा पहाऱ्यावरचा शिपाई वळून बघायला लागला.

"ते सांगायचं नसतं," ती म्हणाली. "तुमचं मत गुन्ह्यापायी गेलं. माझं तर लग्नापासनं तुमच्याकडंच होतं. मी कुठला गुन्हा केला होता, तेवढं सांगा."