रिकाम्या गॅलरीतला खोकला

"गॅलरीत कोणीतरी खोकतंय!" हेडफोनमध्ये संचालकांचा आवाज चिरकला. "शोधा त्याला. नाहीतर सामना थांबवावा लागेल!"

ध्वनितंत्रज्ञाने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. साथीमुळे चाळीस हजार खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रेक्षकांचा कल्लोळ त्याच्याच यंत्रातून मैदानावर सोडला जात होता. सुरक्षारक्षक मास्क सावरत पायऱ्या चढले. प्रत्येक रांग पाहून झाली. कोणीही नव्हते.

पुन्हा खोकला आला. कोरडा, लागोपाठ तीनदा.

"भूतबीत आहे की काय, साहेब?" रक्षकाने वॉकीटॉकीवर विचारले.

"असलं तरी मास्क लाव म्हणावं त्याला!" संचालक खेकसले.



असाच खोकला तंत्रज्ञाने घरी ऐकला होता, वडिलांचा, अप्पांचा. मार्चच्या दहा तारखेला अप्पा आजारी पडले आणि दोन आठवड्यांत गेले. ताई परिचारिका होती. तिच्या रुग्णालयात पहिला रुग्ण आठ तारखेला आला होता. "तूच आणलंस हे घरात," तो तिला तोंडावर म्हणाला होता. बॅग भरून ती निघून गेली, त्याला सात महिने झाले.

तिसऱ्यांदा खोकला आला, तेव्हा त्याने पुन्हा घड्याळ पाहिले. दोन खोकल्यांमध्ये बरोबर अकरा मिनिटे. कल्लोळाचे ध्वनिमुद्रणही अकरा मिनिटांचेच होते. संपले की ते आपोआप पहिल्यापासून सुरू होई. म्हणजे खोकणारा गॅलरीत नव्हता, मुद्रणात होता.

टाळेबंदीपूर्वीच्या शेवटच्या सामन्यात ते मुद्रण त्यानेच केले होते. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी तारीख बोलायची, ही त्याची कॉलेजपासूनची शिस्त. नंतर तेवढे शब्द तो कापून टाकी.

त्याने न कापलेली मूळ प्रत उघडली.

"सहा मार्च," हेडफोनमध्ये त्याचाच आवाज आला. घसा बसलेला. त्याला लागूनच खोकला. कोरडा, लागोपाठ तीनदा.

"अरे, सापडला का तो?" संचालक ओरडले.

"सापडला," तो म्हणाला.

त्याने कल्लोळ बंद केला. सारे मैदान चिडीचूप झाले. मग त्याने नंबर लावला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"काय रे, बरा आहेस ना?" ताईचा आवाज घाबरलेला होता. "तुला खोकला नाही ना?"