दवातल्या पेंढ्या

कारखान्याच्या फाटकावर माल तपासणाऱ्या सलीलने ओल मोजायच्या यंत्राचा लांब गज तिसऱ्या पेंढीत खुपसला आणि आकडा वाचला. "तेवीस. पंधराच्या वर आम्ही घेत नाही, ताई."

"कचऱ्यालेबी मॉइश्चर लागते?" बेबीताईंना खरंच कळेना. सोयाबीनचं मॉइश्चर त्यांना पाठ होतं. पण गेल्या सालापर्यंत ज्याला काडी लावून मोकळं व्हायचं, त्या उसाच्या पाचटाचेही असे नखरे असतील, हे कोणाच्या ध्यानीमनी असणार!

लोहाऱ्याच्या या कारखान्यात पाचटाचा पांढरा कोळसा, म्हणजे बॉयलरमध्ये जाळायच्या कांड्या, होतो. हा पहिला ट्रक पास झाला, तर पुढचे दहा ट्रक त्यांच्या बचत गटाचे. पंधरा बायांची मजुरी गटाच्या शिलकीतून आधीच देऊन झाली होती, आणि ती द्यायला लावणाऱ्या बेबीताईच.

ट्रकवाला गोपाल खाली उतरला. "परत न्याचं भाडं येगळं लागन, ताई. सत्तर किलोमीटर हाय महागाव. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला होईन."

बेबीताई सलीलकडे वळल्या. "इथंच कुठं वाळू घालू का, साहेब?"

"जागा कुठंय? मागं वीस गाड्या उभ्या आहेत." सलील वाईट माणूस नव्हता. त्याने पेंढी हातात घेऊन उलटीपालटी केली. "पाऊस तर नाही. मग भिजलं कशानं?"

"भिजलं नाई. आमी पहाटे दवातच बांधतो. उन्हात बांधलं का पातं तुटते, सारा भुगा होते. कडबा आमी असाच बांधतो." सांगताना त्यांचा आवाज जरा ताठ झाला. तीस वर्षांचा हात होता तो.

"ताई," सलील हळूच म्हणाला, "इथं आम्ही भुगाच करतो त्याचा."

बेबीताईंना गावात बांधणी चालू असलेल्या दुसऱ्या ट्रकच्या मालाची आठवण झाली आणि त्यांनी घाईघाईने गटातल्या बबिताला फोन लावला.

"बबिता, बांधणं थांबव आधी!"

"झालं बी, ताई!" तिकडून बबिता उत्साहाने ओरडली. मागे बायांचा हसण्याचा आवाज येत होता. "आज दव कमीच पडलं होतं. मंग आमी मोटर लावून पाणी शिंपलं साऱ्या ढिगावर. साहेबाले सांगजा, एक पातं तुटू देल्लं नाई!"