बसून खाणारं कार्ड

बायको गेल्याचा हॉस्पिटलातून फोन आला, तेव्हा कॉम्प्युटरवर तिचा गेम उघडाच होता. त्यात ती तळ्याकाठी घर बांधत होती. महिन्याभराने त्याला ते घर बघावंसं वाटलं, पण चित्र पावलोपावली अडखळत होतं. मुलगी कॉम्प्युटरमागे वाकली आणि हसायलाच लागली. “बाबा, चित्र सुरळीत चालावं म्हणून हौसेने आणलेलं ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून खातंय! स्क्रीनची वायर भलतीकडेच खुपसलीत तुम्ही.” तिने वायर कार्डाला जोडली, गेममधलं लांबचं दृश्य चालू केलं आणि तळ्यापलीकडे डोंगर उभे राहिले. गवताचं पातं न् पातं डोलू लागलं. तो आ वासून बघत राहिला. “तुझी आई रोज हे बघायची?” “छे! गेम अडकायचा म्हणून ती लांबचं दृश्य बंदच ठेवायची. तिला फक्त धुकं दिसायचं.” तरी बायकोने सगळ्या खिडक्या धुक्याकडेच काढल्या होत्या. छप्पर तेवढं घालायचं राहिलं होतं.