रिकामी खोली

कुंदा आजारी वडिलांसाठी पेज ढवळत होती, तेवढ्यात त्यांच्या खोलीतल्या पंख्याची घरघर थांबली.

“वीज गेली का?” जेवायला बसलेल्या तिच्या भावानं, प्रमोदनं विचारलं. पण त्याच्या डोक्यावरचा पंखा फिरतच होता.

वीजबचतीचा कायदा आल्यापासून चंद्रपुरातल्या घराघरात, खोलीखोलीत श्वास टिपणारं यंत्र बसलं होतं. खोलीत श्वास घेणारं कोणी नसलं, की तिथली वीज आपोआप बंद व्हायची.

“बाबा तर आतच आहेत,” प्रमोद हळूच म्हणाला.

कुंदानं शेगडी बंद केली आणि ती आत गेली. ती पलंगापाशी पोचली, तसा पंखा पुन्हा फिरू लागला. बाबांच्या कपाळावरचे पांढरे केस वाऱ्यानं हलले.

“झाला ना सुरू?” बाहेरून प्रमोदनं विचारलं. त्याच्या आवाजात सुटकेचा भाव होता.

“दादा,” कुंदा म्हणाली, “तो माझ्यामुळं सुरू झालाय.”