पोटाचं चामडं

"हे नको. ते खालचं काढा," खोगीरवाल्याची बायको म्हणाली.

चामड्याच्या दुकानाचा शेठ हसला. फळीवर त्याने उलगडलेलं पाठीचं चामडं दुकानातलं सगळ्यात चांगलं होतं. जाड, घट्ट, दुमडलं तरी सुरकुती न धरणारं. त्याच्या लेकीच्या खोगिराला नवा तंग हवा होता, घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. शर्यत तोंडावर आली होती. 'माल तुम्हीच निवडा वहिनी, आणि शिवायचंही तुमच्याच घरी,' असा निरोप त्यानेच धाडला होता.

त्याच्याच निरोपावर ती आली होती. फक्त तबेलेवाला दुकानात शिरेपर्यंत समोरच्या फुटपाथवर थांबली होती.

"ते कशाला वहिनी? जुनं पडलंय."

तिने थप्पीतून ते स्वतःच ओढलं आणि पाठीच्या चामड्यावर पसरलं. दिसायला तांबूस, गुळगुळीत, चकचकीत. वरवर बघणारा फसलाच पाहिजे.

"मागच्या वर्षी आम्हाला दिलंत ते याच थप्पीतलं ना? पाठीचं म्हणून? मग लेकीच्या तंगाला हेच कापा."

कोपऱ्यात तेलाचे डबे चाळणाऱ्या तबेलेवाल्याने मान वळवली. त्या चामड्याचा तंग ज्या घोड्याला बांधला तो घोडा त्याचा होता आणि स्वारही त्याचाच. तंग भर पळतीत तुटला आणि स्वार पायाने कायमचा अधू झाला. शेठने गावभर सांगितलं, शिवण उसवली. टाके एकूण एक शाबूत होते, फाटलं होतं ते चामडं. पण बघतंय कोण? तिच्या नवऱ्याचा धंदा बसला, आणि नवराही बसला तो बसलाच. त्याने पुन्हा आरीला हात लावला नाही. आणि आज हा शहाणा लेकीचा तंग शिवायला त्याच घरी देत होता. खरं काय ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"कापा ना," ती म्हणाली.

शेठने सुरी उचलली आणि परत ठेवली. "नको. ते... ते पोटाचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ताण आला की सैल पडतं. फाटतं."

"जरा मोठ्यानं सांगा शेठ. मालकांना कमी ऐकू येतं."

शेठने तबेलेवाल्याकडे पाहिलं. तोही कानामागे हात धरून वाटच बघत होता.

"पोटाचं आहे," शेठ म्हणाला. "मागच्या वेळचंही पोटाचंच होतं."

तबेलेवाल्याने हातातला डबा जागेवर ठेवला. दोघांकडे एकदा पाहिलं आणि तो बाहेर पडला. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक तबेल्यात हे पोचणार होतं. तिचं पोट तेवढ्याने भरायला हवं होतं. भरलं नाही.

"आता ते पाठीचं द्या," ती म्हणाली. "तंग आमचे हेच शिवतील. पुन्हा शिवायला बसवते मी त्यांना."

शेठ घाईघाईने पाठीचं चामडं गुंडाळू लागला.

"आणि हे पोटाचंही बांधा सोबत."

त्याचे हात थांबले. "ते कशाला?"

तंग पाठीच्याच चामड्याचा होणार होता. पोरीने तिचं काय घोडं मारलं होतं? पण हे शेठला सांगायची तिला काही गरज वाटली नाही.

"राहू दे घरात," ती म्हणाली. "रंग चढला की दोन्ही सारखीच दिसतात. तुम्हाला माहीत आहेच."

तिने दोन्ही चामडी एकात एक गुंडाळून काखेत मारली. वळली, तर गुंडाळी पुढे येईना. पोटाच्या चामड्याचं एक टोक शेठच्या मुठीत होतं.